रात्रीच्या रानातला पांढरा ठिपका

एका प्रश्नापासून सुरुवात करतो. हा प्रश्न मला अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी विचारला, आणि विचारताना त्यांचा आवाज जरासा बदलला होता. ते म्हणाले, "तुम्ही कॉलेजात शिकवता. मग मला एवढं सांगा, कोणत्या दुर्बिणीतून पाहिलं असतं, तर तो माझा कुत्रा आहे हे त्या पोराला कळलं असतं?"

श्रोतेहो, मी भूगोल शिकवतो. बंदूक आयुष्यात कधी हातात धरलेली नाही आणि धरण्याची हौसही नाही. माझे मावसभाऊ तिकडे नोकरीला असतात. त्यांच्याकडे मी हिवाळ्यात तीन आठवडे राहिलो होतो. एडवर्ड्स पठार नावाचा तिथला चुनखडीचा मुलूख पाहावा, ही माझी जुनी इच्छा. मुलूख पाहिलाच, पण मनात राहिला तो हा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना रात्री पाहण्याची यंत्रे, निरनिराळ्या रंगांचे दिवे आणि ते कसे निवडावेत, ह्याचा जो थोडासा अभ्यास झाला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी कायोटी म्हणजे काय ते सांगायला हवे. आपल्या कोल्ह्याचा हा अमेरिकेतला भाऊबंद. कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून बराच लहान. वजन साधारण दहा ते वीस किलो, खांद्यापाशी उंची दोन फुटांच्या आसपास, कान मोठे आणि टोकदार, शेपूट झुबकेदार. नाव मूळचे मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतले. मेंढपाळ त्याला नुसते 'कायोट' म्हणतात, शहरी लोक 'कायोटी'. थॉमस से ह्या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. रात्री दोन कायोटी सूर लावतात तेव्हा वाटावे की दहाजणांची टोळी उतरली आहे. ज्यांनी आपल्याकडे माळावर कोल्हेकुई ऐकली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

गोऱ्या लोकांनी तिकडचे लांडगे मारून जवळजवळ संपवले, तेव्हा मोकळी झालेली जागा ह्या प्राण्याने घेतली. पूर्वी माळरानात राहणारा हा जीव आता समुद्रकाठापासून मोठमोठ्या शहरांच्या बागांपर्यंत सगळीकडे सापडतो. कोकरे आणि करडे हा त्याचा आवडता घास. म्हणून मेंढपाळ त्याच्यावर बंदूक धरतो. आणि तो बहुतेक रात्री येतो, म्हणून बंदूकही रात्री धरावी लागते. टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रात्री कायोटी मारायला कायद्याची आडकाठी नाही. दुसऱ्या राज्यांत नियम निराळे आहेत. कुठे रात्री बंदी, कुठे ठराविक महिने, कुठे दिव्याला परवानगी पण ह्या यंत्रांना नाही. एका राज्यात चालते ते शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू शकते, असा सगळा कारभार आहे. मारल्याने कायोटींची संख्या खरोखर घटते का, ह्याबद्दल तिथले प्राणिशास्त्रज्ञ साशंक आहेत. पण ज्याचे कोकरू रात्री गेले त्याला हा वाद सांगून उपयोग नसतो.

ह्या गृहस्थांनी मात्र बंदुकीपेक्षा कुत्र्यांवर भिस्त ठेवली होती. ग्रेट पिरनीज नावाची मोठी, पांढरीशुभ्र, झुलत्या कानांची कुत्री असतात. पिल्लू असल्यापासून ती मेंढ्यांतच वाढतात, आणि कळपाला आपले गोत समजून राखण करतात. आपले धनगर आपल्या कुत्र्यांकडून हेच काम घेतात. फरक इतकाच की आपले कुत्रे धनगराबरोबर चालते आणि ते कुत्रे माणसाविना रानात एकटे राहते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जमिनीवर शिकारीला आलेल्या एका तरुणाने कुंपणापलीकडे हलणारा पांढरा ठिपका पाहिला आणि अडीचशे मीटरांवरून गोळी झाडली. तो ठिपका म्हणजे ह्यांचा सहा वर्षांचा कुत्रा. तरुण दुसऱ्या दिवशी येऊन रडला, पैसे देऊ लागला. ह्यांनी ते घेतले नाहीत. त्याच्या बंदुकीवर उष्णता पाहणारी नवी कोरी दुर्बीण होती, आणि तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते की हिला अठराशे मीटरांवरचे दिसते. अठराशे मीटरांवरचे दिसते, तर मग अडीचशेवरचा कुत्रा का दिसला नाही? त्यांच्या प्रश्नाचे मूळ हे होते.

आता हे यंत्र पाहते तरी काय? १८०० साली विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाशाचे लोलकाने सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे असे किरण सतत बाहेर टाकत असते. आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही तोकडी. अंगात ऊब असलेल्या प्राण्याचे किरण सर्वांत जोरकस असतात ते दहा मायक्रॉनच्या आसपास. आठ ते चौदा मायक्रॉनच्या ह्या पट्ट्यात उष्णतादर्शक दुर्बीण काम करते. तिला चांदणे लागत नाही की दिवा लागत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्या सापाच्या डोळ्यापुढे जी खळी असते, तीही उंदराची ऊब अशीच टिपते. म्हणजे निसर्गाने हे यंत्र फार पूर्वीच बनवले होते, आपण त्याला फक्त काच बसवली. आणि काचही कसली म्हणा, कारण साधी काच ह्या किरणांना भिंतीसारखी आडवी येते. दुर्बिणीचे भिंग जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या चकचकीत पदार्थाचे करावे लागते, आणि यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. म्हणून मोटारीच्या बंद काचेतून ही दुर्बीण रोखली तर पलीकडचे रान दिसतच नाही, नुसती काचच दिसते. थंडीत मोटारीत बसून पाहू, असा बेत करणाऱ्यांची पहिल्याच रात्री फजिती होते.

भिंगामागे बारीक बारीक ठिपक्यांची एक जाळी असते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलासा थर्मामीटर. स्वस्त यंत्रात हे ठिपके ३८४ आडवे आणि २८८ उभे असतात, महाग यंत्रात ६४० आणि ५१२. गुणाकार केला तर पहिल्यात एक लाख दहा हजार आणि दुसऱ्यात तीन लाख सत्तावीस हजार, म्हणजे जवळजवळ तिप्पट. किमतीतही बराच फरक. आजकाल एक ठिपका बहुधा बारा मायक्रॉन रुंदीचा असतो.

इथे थोडे गणित करायला हवे. त्याला घाबरू नका, मी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर केले होते. ठिपक्याची रुंदी भागिले भिंगाचे नाभीय अंतर, गुणिले प्राण्याचे अंतर : की त्या जागी एक ठिपका किती सेंटिमीटर झाकतो ते निघाले. त्या तरुणाच्या यंत्राचे भिंग २५ मिलिमीटरचे होते. अडीचशे मीटरांवर त्याचा एक ठिपका बारा सेंटिमीटर झाकत होता. कुत्रा खांद्यापाशी सत्तर सेंटिमीटर उंच आणि अंगाने मीटरभर लांब. म्हणजे उंचीला सहा ठिपके आणि लांबीला आठ. संबंध कुत्रा ह्या पन्नासाच्या आतल्या ठिपक्यांत बसवायचा!

आपल्या आयाबहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात. पाच ओळी पाच ठिपके घातले तर फार तर एक फूल होते, मोर काढायचा तर एकवीस ओळी हव्यात. इथेही तेच. कायोटीचा कान दहा-अकरा सेंटिमीटरांचा असतो. बारा सेंटिमीटरांच्या ठिपक्यात तो कान उभा आहे की झुलता, हे दिसणार कुठून? अख्खा कान एका ठिपक्यात विरघळून गेला. बरे, अशा वेळी माणूस काय करतो? बटण दाबून चित्र मोठे करतो. पण भिंगाने मोठे करणे वेगळे आणि विजेने मोठे करणे वेगळे. विजेने मोठे केल्यावर त्याच सहा ठिपक्यांचे मोठाले चौकोन होतात, नवे काही दिसत नाही. त्या तरुणाने चित्र चौपट केले होते. म्हणजे त्याला दिसत होते तेवढेच, पण खात्री मात्र चौपट वाटत होती.

अठराशे मीटरांचे काय, ते आता कळेल. १९५८ साली जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन लष्करी शास्त्रज्ञाने प्रयोग करून पायऱ्या ठरवल्या. 'तिथे काहीतरी आहे' एवढे कळायला वस्तूच्या आखूड बाजूवर दोन ठिपके पुरतात. 'हा चारपायी प्राणी आहे, झुडूप नाही' अशा तऱ्हेचे कळायला आठ लागतात. 'हा अमुकच' असे म्हणायला तेरा. आणि हे आकडे निम्म्या वेळा बरोबर ठरण्याचे, खात्रीचे नव्हेत. दुकानदार खोक्यावर छापतात तो पहिल्या पायरीचा आकडा, आणि तोही सहा फुटी उभ्या माणसाचा. 'काहीतरी आहे' आणि 'कायोटी आहे' ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर, पण खोक्यावर ते लिहीत नाहीत. आपल्याकडे मोटारसायकलचे मायलेज जसे जाहिरातीत वेगळे आणि रस्त्यावर वेगळे, त्यातलाच प्रकार. फक्त इथे चूक झाली तर पेट्रोल नव्हे, जीव जातो.

मग घ्यावे कोणते? ६४० ठिपक्यांच्या जाळीला ३५ मिलिमीटरचे भिंग असले, तर अडीचशे मीटरांवर त्या कुत्र्याच्या उंचीला आठ ठिपके मिळाले असते. म्हणजे तरीही दुसरीच पायरी. दीडशे मीटरांवर मात्र चौदा. पन्नास मिलिमीटरचे भिंग घेतले तर अडीचशेवर बारा ठिपके पडतात, पण दृष्टिक्षेप अरुंद होतो. शंभर मीटरांवर ३५च्या भिंगातून बावीस मीटर रुंद पट्टा दिसतो, तर ५०च्या भिंगातून पंधराच. झुडपांच्या मुलखात नळीतून पाहिल्यासारखे होते. कायोटी डावीकडून निघून जातो आणि आपण उजवीकडे शोधत राहतो. उघड्या सपाट माळावर मोठे भिंग, झाडझाडोऱ्यात मधले भिंग, असा साधा विवेक करावा. माझे मत विचाराल तर, पैसे मोजकेच असतील तर ते आधी ठिपक्यांवर घालावेत, भिंगावर नंतर, आणि अंतर मोजण्याचे यंत्र, ध्वनिमुद्रण, चलच्चित्र असल्या आरासीवर सर्वांत शेवटी. अंतराचे यंत्र अगदीच आरास नाही, ते मी मान्य करतो. कारण ह्या चित्रात खोली नसते. जवळचा ससा आणि दूरचा कायोटी सारखेच दिसतात, आणि अंतर कळल्याशिवाय आकार कळत नाही.

दुसरा आकडा विचारावा तो तापमानातला किती सूक्ष्म फरक यंत्राला कळतो त्याचा. तो सहस्रांश अंशांत सांगतात आणि जितका लहान तितका चांगला. पंचवीसच्या खाली असला तर उत्तम, चाळीस-पन्नासचा कामचलाऊ. कोरड्या थंड रात्री दोघांत फरक जाणवत नाही, पण दमट हवेत, धुक्यात, पाऊस पडून गेल्यावर सगळे रान एकाच उष्णतेचे होऊन जाते, तेव्हा कामचलाऊ यंत्रात नुसती राखाडी खीर दिसते. उलट त्या चुनखडीच्या मुलखात उन्हाळ्याच्या रात्री दगडच मध्यरात्रीपर्यंत तापलेले राहतात. मेंढीएवढा दगड आणि मेंढी ह्यांत यंत्राला फरक वाटत नाही. हिवाळ्यात कायोटीची लव इतकी दाट होते की धडाची ऊब बाहेर फुटतच नाही. डोळे, तोंड आणि पाय तेवढे उजळ दिसतात आणि बाकीचा प्राणी अंधुक. असा अर्धवट प्राणी ओळखायला सरावाचीच नजर लागते.

तिसरे म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते. पन्नास वेळा बदलले तर चित्र वाहते राहते. नऊ वेळा बदलणारी यंत्रे स्वस्त असतात, आणि अमेरिकेतून परदेशी पाठवायला त्यांना कायद्याची अडचणही कमी. पण कायोटी जिवाच्या आकांताने पळू लागला तर तासाला चाळीस मैलांचा वेग घेतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये तो दोन मीटर पुढे गेलेला असतो! बसून पाहणाऱ्याला चालेल, पळत्या प्राण्याला नाही. मधूनमधून यंत्रात 'टिक्' असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते. ते बिघडले असे समजू नये, यंत्र आपली जाळी पुसून घेते. आणि थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, तेव्हा जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी.

हे झाले दुर्बिणीचे. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट विकत घ्यायची नाहीच. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीने रान धुंडाळू नये. धुंडाळायची दुर्बीण वेगळी, हातात धरायची असावी. कारण जिकडे पाहू तिकडे बंदुकीची नळी वळते, आणि जे दिसेल ते माणूस असेल, शेजाऱ्याची गाय असेल, कुणाचे पोर असेल. शिवाय गोळी चुकली तर ती मागे कुठे जाईल, हे उष्णतेच्या चित्रात धड कळत नाही. कुंपणाच्या तारा दिसत नाहीत, लांबचे घर दिसले तरी ते घर आहे हे ओळखू येत नाही. ते गृहस्थ म्हणाले, "दिवसा हिंडून ज्यानं ते रान पाहिलं नाही, त्यानं रात्री तिथं यंत्र घेऊन येऊ नये." दहा आकड्यांपेक्षा मला हे वाक्य अधिक पटले.

आता दिव्यांकडे वळू. उष्णतादर्शक यंत्र आले म्हणून दिव्याचे दिवस संपले, असे तिकडच्या तरुणांना वाटते. माझे मत अगदी उलट आहे.

कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या असतात, आपल्या डोळ्यात तीन. कायोटी त्याच कुळातला. निळे आणि पिवळे त्याला कळते, तांबडे मात्र फार मंद भासते. म्हणून शिकारी तांबडा दिवा वापरतात. तांबडा प्रकाश त्याला दिसतच नाही, असे म्हणतात ते खरे नव्हे. दिसतो, पण कमी. डोळ्यावर एकदम झोत मारला तर तो बुजतोच. म्हणून जाणते लोक झोत प्राण्याच्या वर धरतात आणि कडेच्या अंधुक उजेडात त्याला ठेवतात. तांबड्याचा दुसरा फायदा आपल्यासाठी आहे. अंधाराला आपला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने ते सारे पाण्यात जाते. तांबड्याने ते कमी बिघडते. हिरवा दिवा आपल्या डोळ्याला अधिक उजळ वाटतो, त्यात दूरचे दिसते, पण तो कायोटीलाही अधिक दिसतो. जवळचे रान असेल तर तांबडा, लांबचा माळ असेल तर हिरवा, असे म्हणायला हरकत नाही. ह्याखेरीज एक अदृश्य दिवाही असतो, ८५० किंवा ९४० नॅनोमीटरांचा. तो उष्णतेच्या दुर्बिणीसाठी नव्हे, तर रात्री पाहणाऱ्या विजेच्या कॅमेऱ्यासाठी. ८५०चा दूर पोचतो, पण त्याच्या तोंडाशी मंद तांबडा निखारा दिसतो. ९४०चा निखारा दिसत नाही, पण पोच आखूड. अशा कॅमेऱ्यात अंगावरचे पट्टे, कानांची ठेवण, तोंडाचा आकार हे बरेच स्पष्ट दिसते, कारण तो उष्णता नव्हे, प्रकाशच पाहतो. उष्णतेने शोधावे आणि प्रकाशाने ओळखावे, असा हा जोडउद्योग आहे.

दिव्यात चमकणाऱ्या डोळ्यांबद्दलही सांगतो, कारण हे आपल्या शेतकऱ्यांच्याही कामाचे आहे. रात्रीची लाईट असते म्हणून पाणी द्यायला शेतात जावे लागते, आणि हातातल्या बॅटरीच्या उजेडात उसाच्या कडेला दोन डोळे पेटलेले दिसतात. डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो प्रकाश परतवतो. हा आरसा गायीला आहे, कुत्र्याला आहे, कोल्ह्याला आहे आणि बिबट्यालाही आहे. नुसत्या चमकीच्या रंगावरून प्राणी ओळखता येतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जुन्नरकडे वनखात्याने बिबट्या शोधायला उष्णतादर्शक कॅमेऱ्याची ड्रोन वापरली आहेत. तिथेही दाट उसाची पाने आड आली की किरण अडतात, फटीतून जेवढे डोकावेल तेवढेच दिसते. आणि आपल्याकडे हे यंत्र शोधण्यापुरतेच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपला कोल्हा संरक्षित आहे, तो मारणे गुन्हा आहे. अमेरिकेत जे चालते त्याचा दाखला इथे देता येत नाही.

अमेरिकेतही ते सगळीकडे चालले नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर तांबडा लांडगा नावाचा प्राणी आहे. १९८० साली तो रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. बंदिवासात वाढवलेली जनावरे १९८७ पासून तिथल्या ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात सोडली, आणि ती वाढत वाढत शंभराच्या वर गेली. हा लांडगा दिसायला कायोटीसारखाच, थोडा थोराड. राज्याने रात्री दिवे लावून कायोटी मारायची मुभा दिली, आणि गोळीला बळी पडलेले लांडगे सापडू लागले. निसर्गरक्षक संस्था न्यायालयात गेल्या. मे २०१४मध्ये न्यायालयाने लांडग्यांच्या पाच काउंट्यांत कायोटीची शिकार थांबवली, आणि नोव्हेंबरात तडजोड होऊन तिथे रात्रीची शिकार बंद झाली, दिवसाची परवान्यावर राहिली. आज रानात मोकळे असलेले तांबडे लांडगे तीन डझनांच्या आतच आहेत. त्यांच्या गळ्यात आता नारिंगी रंगाचे, चकाकणारे पट्टे बांधतात, लांबून ओळख पटावी म्हणून.

हे नारिंगी पट्ट्याचे मी त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण उष्णतेच्या दुर्बिणीत नारिंगी दिसतो का?"

दिसत नाही. उष्णतेला रंग नसतो. फार जवळून पाहिले तर गळ्याशी एक काळपट आडवी रेघ दिसेल, तीही दिसलीच तर. चकाकणारा पट्टा चकाकायला त्याच्यावर प्रकाश पडावा लागतो. त्या तरुणाजवळ बंदुकीवर दुर्बीण होती, पण साधी बॅटरी नव्हती.

म्हणून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले. त्याची दुर्बीण अडीचशे मीटरांवर पुरी पडली नसती, आणि तिच्याहून तिप्पट किमतीचीही पुरती पडली नसती. दीडशे मीटरांपर्यंत थांबला असता, तर चांगल्या यंत्रात झुलते कान दिसले असते. कदाचित शेपूटही, कारण कायोटी पळताना शेपूट खाली ठेवतो आणि राखणीचे कुत्रे सावध झाले की शेपूट पाठीवर वळवते. आणि एकदा पांढरा दिवा टाकला असता, तर कोणतेच गणित लागले नसते. कायोटी असता तर पळून गेला असता, इतकेच.

त्यांनी वहीत लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात त्यांनी हातात धरायची एक दुर्बीण आणली, ६४० ठिपक्यांची, मधल्या भिंगाची. बंदुकीवरची घेतली नाही. दोन मोठे दिवे घेतले, एक तांबडा, एक पांढरा. उरलेल्या तीन कुत्र्यांना चकाकणारे पट्टे केले, आणि तसलाच एक पट्टा नेऊन शेजाऱ्याला दाखवला, की असा चमकला तर तो माझा.

मी परत निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला टेकाडावर नेले. थंडी मरणाची होती. दुर्बीण माझ्या हाती देऊन ते म्हणाले, "सांगा, काय दिसतंय." खाली ओढ्याच्या काठाने एक पांढरा ठिपका येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मागे मेंढ्यांच्या ठिपक्यांचा पुंजका. इतके गणित केलेला मी, पण मला सांगता येईना. एका डोळ्याला पडद्याच्या उजेडाने अंधारी आलेली, दुसऱ्याला नुसता काळोख. "कायोटी असावा," मी म्हणालो.

त्यांनी पांढरा दिवा लावला. दूर, ओढ्याच्या कडेला, दोन डोळे आणि त्यांच्याखाली गळ्यातला पट्टा लखकन चमकला.

"बक," त्यांनी हाक मारली, आणि दिवा मालवला.